भात्याचं माहेर

आवाज पहिला.
ऐकू येतं ते: यंत्र माणसाचा जीव ओढून घेतंय.
असतं ते: यंत्र माणसाला हवा देतंय.

दादाने मास्क तोंडावर जेमतेम चार श्वास ठेवला आणि पाचव्याला असा भिरकावला, की तो टेबलाखालून सरपटत थेट वहिनीच्या पायाशी गेला. यंत्र मात्र आपल्या जागी बसून फुंकत राहिलं. हुऽऽश... हाऽऽ. हुऽऽश... हाऽऽ. कुणी ऐको न ऐको.

"बंद कर," दादा म्हणाला. "हा भाता आहे."

"अहो, भाता कसला? श्वासाचं मशीन आहे. दवाखान्यातून सही करून आणलंय."

"कुठून आणलंय ते मला विचारू नकोस. बंद कर म्हटलं ना."

वहिनीने बटण दाबलं आणि नणंदेकडे पाहिलं. एरवी ती चेष्टेत असली की 'वन्सं' म्हणायची. आज तोंडाने काहीच म्हणाली नाही, पण त्या नजरेत 'वन्सं, हे तुम्हीच करून ठेवलंय' एवढं सगळं होतं.

दादा म्हणजे काही घाबरट माणूस नव्हे. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरातल्या फरश्या घासून आरशासारख्या केल्या. फरशी घासायचं मशीन म्हणजे माजलेला रेडा. मूठ जरा सैल पडली की भिंतीवर जाऊन आदळणार. त्या रेड्याला दादाने तीस वर्षं वेसण घालून फिरवलं. फक्त त्या वर्षांची दगडाची पूड छातीत जाऊन बसली ती बसलीच. आता सहा पायऱ्या चढला की सातव्या पायरीवर बसून तो जिन्याचा कठडा नीट बसवलाय की नाही ते तपासायचा. म्हणजे तसं दाखवायचा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. रोज दुपारी तीन तास आणि शिवाय झोपेत मास्क लावला, तर हा माणूस बरीच वर्षं काढेल. नाही लावला, तर तीन महिन्यांत छाती दमेल, आणि एकदा दमलेली छाती पुन्हा उभी राहत नाही.

तीन महिने. बहिणीने बोटांवर मोजलं. तेरा आठवडे. तिच्या भाषेत तेरा भाग.

आवाज दुसरा.
ऐकू येतं ते: बर्फावरून चालणारी पावलं.
असतं ते: पिठाची पिशवी, मुठीत दाबलेली.

दादाच्या बहिणीचं खरं नाव रेडिओ केंद्राच्या हजेरीपटावर असेल. बाकी सगळे तिला खुट्टताई म्हणत, कारण नाटकात कुठेही खुट्ट झालं तर ते तिने केलेलं असे. काचेपलीकडच्या तिच्या खोलीत चाकांवरचं एक दार होतं, त्याला चार तऱ्हेच्या कड्या; वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, आणि एकतीस जोडे, त्यांतले बरेचसे मेलेल्या माणसांचे. त्या जोड्यांमधून ती चोर चालवायची, मंत्री चालवायची, नवऱ्याला सोडून निघालेली बाई चालवायची.

आणि गेली बावीस वर्षं ती 'पलीकडचं शतक' चालवत होती. मंगळवारी ध्वनिमुद्रण, शनिवारी दुपारी चारला प्रसारण. शंभर वर्षांनंतरचं शहर. तिथे हवा रेशनवर मिळते. वरच्या मजल्यांवर मालक राहतात, खाली बाकीचे. ज्याचा कोटा संपला त्याला भात्याकडे नेतात, तोंडावर मास्क बांधतात, आणि मग तो आवाज येतो. माणसात उरलेली हवा काढून वर पाठवली जाते.

भाता रेडिओतून उतरून केव्हाच गल्लीत राहायला आला होता. "झोपतोस की भात्याला बोलावू?" असं आया म्हणत. कचेरीत साहेबाला भाता म्हणत. नवीन काही आलं, पैसे देणारं यंत्र असो की आपोआप उघडणारं दार, पहिला प्रश्न ठरलेला: "मास्क तर बांधत नाही ना?" हसत विचारत, पण विचारत.

खुट्टताईच्या उस्तादांनी तिला एकच नियम घालून दिला होता. "आवाजाचं माहेर सांगायचं नाही. सासरी त्याचं नाव वेगळं, काम वेगळं. माहेर कळलं की सासरचे त्याला मान देत नाहीत." तिने तो पाळला. पावसाचं माहेर कागदाचे कपटे, घोड्याचं माहेर नारळाच्या करवंट्या, ही शेंडी कुणाच्या हाती लागू दिली नाही.

भात्याचं माहेर तर वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तिने लोहाराचा भाता आणून पाहिला; तो वाऱ्यासारखा वाजला. सायकलचा पंप सायकलच्या पंपासारखा वाजला. हवं होतं काहीतरी जिवंत. एका रविवारी दुपारी दादा कामावरून येऊन खाटेवर आडवा झाला होता, तरणाबांड, छाती दारासारखी रुंद. तिने माइक त्याच्या नाकापासून वीतभर धरला. मग तो श्वास केंद्रावर नेऊन अर्ध्या वेगाने, उलटा वाजवला. मालिकेच्या लेखकाने ऐकला आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"हे जिवंत आहे," तो म्हणाला. "कशाचं आहे?"

"सांगत नसतात."

आवाज तिसरा.
(लेखकाला आवडला नाही. काढला.)

आवाज चौथा.
ऐकू येतं ते: तिजोरी उघडली.
असतं ते: दवाखान्यातलं लोखंडी कपाट.

"अकरा," सिस्टर म्हणाली आणि बाजूला झाली, म्हणजे खुट्टताईला नीट दिसावं. कपाटात अकरा श्वासाची यंत्रं होती, नळ्या गुंडाळून ठेवलेली, मास्कच्या पट्ट्यांना अजून कारखान्याची घडी.

"घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी परत आणतात. एका आजोबांनी पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून आणलं. साप धरून आणल्यासारखं. तुमचे दादा तरी चार श्वास टिकले."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात माणसं अडाणी. आता मला सांगा, यातले एक जण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मला म्हणाले, सिस्टर, हवेचा दाब कसा चालतो ते मीच तुम्हाला समजावतो. समजावलं. इतकं छान, की मला पहिल्यांदा कळलं. आणि मशीन टेबलावर ठेवून निघून गेले."

खुट्टताई कपाटाकडे बघत राहिली. "तुम्ही ऐकता ती मालिका?"

"शनिवारी ड्युटी आली तर बदलून घेते. का?"

"तो आवाज मी काढते."

सिस्टरने कपाटाला कुलूप घातलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. मी चहा सांगते. तुमच्याशी मला भांडायचंय, आणि ते उभ्याने होणार नाही."

आवाज पाचवा.
ऐकू येतं ते: भाता.
असतं ते:

तिने नियम मोडायचा ठरवला. दुपारच्या जेवणानंतर वहिनी भांडी आवरत होती तेव्हा खुट्टताई जुना टेपरेकॉर्डर घेऊन दोन जिने उतरून खाली आली.

"दादा, एक ऐकवते. मध्ये बोलू नकोस."

आधी तिने भाता वाजवला. दादाचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले. मग तीच फीत सुलट लावली, वेग नीट केला. खोलीत एक माणूस झोपला. चांगला पोटभर जेवून झोपलेला, निवांत घोरायच्या उंबरठ्यावरचा माणूस.

वहिनी ओल्या हातांनी दारात आली. तिला सांगावं लागलं नाही. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे तर हेच."

"तूच आहेस तो, दादा," खुट्टताई म्हणाली. "ज्याला घाबरतोस तो तूच. तुझीच छाती. मी उलटी केली."

दादाने रेकॉर्डरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बावीस वर्षं," तो म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला, "मी माणसं मारतोय. आणि घरात कुणी... बोललं नाही."

"चिडलास?"

"चिडलो. आणि मला... पैसे पण नाही दिलेस." तो हसला, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबायला पाच मिनिटं गेली. नंतर त्याने स्वतःहून यंत्राकडे बोट केलं. "आण. कळलं मला. पटलं. लाव."

वहिनीने मास्क त्याच्या तोंडाजवळ नेला, यंत्र सुरू केलं, आणि दादाचे दोन्ही हात वर आले. त्याने आणले नव्हते. ते आले आणि त्यांनी मास्क ढकलला. हातांचं काम झाल्यावर दादा त्यांच्याकडे असा बघत राहिला, जसं काही दुसऱ्याच घरातली दोन पोरं येऊन काच फोडून गेलीत.

"डोक्याला सांगितलंस, खुट्टे," तो म्हणाला. "डोकं माझं ऐकतं. हे... ऐकत नाहीत."

दोन भाग झाले होते. राहिले अकरा.

जिना चढताना तिने मनाशी पक्कं केलं. जे शनिवारी चार वाजता आत गेलं, ते शनिवारी चार वाजताच बाहेर काढायचं. दुसरं दार नाही.

आवाज सहावा.
ऐकू येतं ते: (शांतता)
असतं ते: वाचा.

लेखकाला शांतता फार आवडायची. पानापानावर कंसात लिहून ठेवायचा: शांतता. दीर्घ शांतता. जीवघेणी शांतता. पण रेडिओवर खरीखुरी शांतता सोडली, तर लोक उठून रेडिओला थापड मारतात. म्हणून प्रत्येक शांततेखाली काहीतरी अंथरावं लागतं: खोलीची शांतता, गच्चीची शांतता, बंद गोदामाची शांतता. ते अंथरायचं काम खुट्टताईचं. त्यात लेखकाने बावीस वर्षांत कधी नाक खुपसलं नव्हतं.

त्या मंगळवारपासून तिने चांगल्या जागांच्या शांततेखाली भाता अंथरला. नायिकेच्या घरात. शाळेच्या वर्गात, पोरं चित्रं काढत असताना. म्हातारा मेकॅनिक दुपारी पेंगतो तेव्हा. इतका हळू, की कानाला कळू नये, पण कानाने हळूहळू पाय पसरावेत.

एक भाग. दोन भाग. त्यानंतर लेखक काचेच्या दारातून आत आला. कान त्याचे तीक्ष्ण होते, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

"ताई, नायिकेच्या घरात भाता का श्वास घेतोय?"

"शांतता लिहिलीत, शांतता दिली."

"ही शांतता नाही. घुसखोरी आहे."

"कुणाची तक्रार आली?"

"नाही. उलट दोघा-तिघांनी सांगितलं, घर हल्ली घरासारखं वाटतं. त्यामुळेच मला जास्त राग आलाय."

तिने जोड्यांचं एक खोकं सरकवून त्याला बसायला जागा केली आणि सगळं सांगितलं. दादाची छाती, कपाट, अकरा यंत्रं. लेखकाने ऐकून घेतलं. मग त्याची मान ताठ झाली.

"मी बावीस वर्षं लोकांना सावध केलं. उद्या हवासुद्धा विकतील, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे का?"

"नाही. पण लोक विकणाऱ्यांना विसरले, लेखकराव. मास्क तेवढा लक्षात ठेवला."

"तो माझा दोष?"

"अर्धा माझा. माझा आवाज जरा जास्तच चांगला झाला."

"मग मी काय करू आता? भात्याची गाय करू? सकाळ-संध्याकाळ दूध काढू?"

"गुरुवारी माझ्याबरोबर दवाखान्यात या. तासभर बाकावर बसायचं. बोलायचं नाही."

"मी? बोलायचं नाही?"

"प्रयत्न करून बघा."

आवाज सातवा.
ऐकू येतं ते: जुन्या बसचं इंजिन, चढावर.
असतं ते: बाकावरचा माणूस.

लेखक अठरा मिनिटं गप्प बसला. एकोणिसाव्या मिनिटाला सिस्टरला म्हणाला, "पंखा जरा लावता का?" तेवढं पुरलं. दर शनिवारी 'पलीकडच्या शतकात आज' हे शब्द त्याच्याच तोंडून निघत.

शेजारचा माणूस वळला. आडवा बांधा, खिशावर परिवहन खात्याचा बिल्ला. "तुम्ही... ते का? शतकवाले?"

लेखकाने मान हलवली आणि, सवयीने, सही करायला पेन काढलं.

"सही नको. हात द्या," बसचालक म्हणाला. त्याने लेखकाचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यामुळे... वाचलो बघा. हे लोक मला... ते बांधणार होते. मी म्हटलं, मी काही... एवढा खुळा नाही. बावीस वर्षं... ऐकतोय."

एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. लेखक पात्रांचे संवाद मोजून लिहिणारा माणूस. त्याने हेही मोजलं असणार.

"डॉक्टर काय म्हणाले?" लेखकाने विचारलं.

"म्हणाले, नाही लावलं तर... अवघड आहे. म्हणणारच. त्यांना वरून... कोटा असतो."

कोटा. तो शब्द लेखकाचा होता. पहिल्या भागात, पहिल्या पानावर त्याने तो लिहिला होता, आणि आता तो निळ्या पडलेल्या ओठांतून परत येत होता. बसचालकाने हात सोडला नाही. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी मान डोलावली आणि त्याही म्हणाल्या, हो, फार उपकार तुमचे.

परत येताना दोन गल्ल्या लेखक पुढे पुढे चालला. तिसरीच्या तोंडाशी थांबला.

"मालक वाईटच राहणार."

"राहू देत की. कोण म्हणतं नको?"

"भाता त्यांच्याच हातात राहणार. मी आयुष्यभर लिहिलंय ते मी पुसणार नाही."

"पुसू नका."

"पण मेकॅनिकची छाती बिघडेल. त्याला अडगळीत एक मोडका भाता सापडेल. तो तो उघडेल..."

"आणि उलटा फिरवेल."

"ताई, लेखक मी आहे."

"बरं. मग तुम्ही सांगा."

लेखकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "उलटा फिरवेल," तो म्हणाला.

आवाज आठवा.
ऐकू येतं ते: मास्कची पट्टी.
असतं ते: मास्कची पट्टी. (हिचं माहेर आणि सासर एकच.)

लिहायला लेखकाने दोन आठवडे खाल्ले. तोवर दादाच्या पायांवर सूज आली. त्याची वाक्यं आखूड झाली, मग शब्द झाले. आंघोळीला स्टूल लागायला लागलं. वहिनी आता नजरेनेही काही म्हणत नव्हती, आणि ते जास्त जड होतं. सात भाग उरले होते. खुट्टताईने तो आकडा कुणाला सांगितला नाही. रोज जिना उतरताना पायरीगणिक स्वतःला सांगितला.

ध्वनिमुद्रणाच्या मंगळवारी सिस्टर सुट्टी घेऊन केंद्रावर आली. सोबत कपाटातला एक मास्क. यंत्र नेणाऱ्या प्रत्येकाला दाखवते तसंच तिने दाखवलं: आधी नुसता अलगद नाकावर टेकवायचा. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम ओढायच्या, सारख्या. चर्र. एकच आवाज.

खुट्टताईने माइकसमोर तसंच केलं. छान झालं. मेकॅनिकचं काम करणाऱ्या घोगऱ्या आवाजाच्या नटाने अंगठा वर केला.

"आता दुसऱ्यांदा घेऊ," ती म्हणाली. "या वेळी एकच बाजू ओढते. मग थांबते. मग दुसरी."

"असं नाही हो," सिस्टर म्हणाली. "मास्क वाकडा बसतो. हवा गळते, डोळ्यात जाते."

"गळण्याचाही आवाज हवाय. फुर्रर्र असा."

लेखकाने पान खाली ठेवलं. "इतकं करून आता चुकीचं दाखवायचं?"

"लेखकराव, माझ्या भावाला नीट केलेलं काम दिसतच नाही. दुसऱ्याने घासलेल्या खोलीत एक कोपरा राहिलेला असू दे, हा जेवता जेवता तो घासायला उठायचा, तोही पाहुणा म्हणून गेलेला असताना. त्याला धीर देऊन झाला. विनवणी करून झाली. खरं सांगून झालं. आता मला त्याच्यासमोर एक वाकडं काम ठेवायचंय."

"आणि बाकीचे ऐकणारे?" सिस्टरने विचारलं. "त्यांनी चुकीचंच शिकायचं?"

"भाग संपायच्या आत मेकॅनिक नीट लावेल. मला मध्ये चार मिनिटं हवीत. चार मिनिटं याने गळका मास्क लावून नुसतं बोलत राहायचं."

"काय बोलू?" नटाने विचारलं.

"काहीही. तुम्हाला कधी अडलंय?"

लेखकाने पेन काढलं, चार मिनिटांचं भाषण तिथेच, जोड्यांच्या खोक्यावर बसून लिहिलं, आणि त्यात एकदाही शांतता घातली नाही.

आवाज नववा.

शनिवार, दुपारचे चार. दादा उशांच्या आधाराने खुर्चीत. वहिनी खिडकीशी. खुट्टताई जमिनीवर, पाठ भिंतीला. यंत्र टेबलावर, मास्क त्याच्यावर, गेले पाच आठवडे जसा होता तसा.

रेडिओतल्या मेकॅनिकला अडगळीत मोडका भाता सापडला. त्याने तो उघडला, शिव्या देत आतली चाकं उलटी बसवली. मग मास्क उचलला. दादाचे हात खुर्चीवर घट्ट झाले. खुट्टताईने ते पाहिलं.

चर्र.

मधे वेळ गेला.

चर्र. हुऽऽश... फुर्रर्र. हाऽऽ... फुर्रर्र.

"श्वास येतोय," मेकॅनिक म्हणाला. "अरे, येतोय की." आणि बोलत सुटला, आपल्या बापाबद्दल, वरच्या मजल्यांबद्दल, पहिल्यांदा पान्हा हातात धरला त्या दिवसाबद्दल. फुर्रर्र. फुर्रर्र.

एक मिनिट गेलं.

"गाढव," दादा म्हणाला.

"कोण हो?" वहिनीने विचारलं.

"हा. एकच बाजू... ओढली."

"रेडिओवर तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसायला... कशाला पाहिजे. दोनदा वाजलं. एकदा वाजायला... हवं. गळतंय बघ."

मेकॅनिक बोलतच होता. दादाने मान दुसरीकडे वळवली, परत आणली. डावा पाय हलायला लागला. खुट्टताई भिंतीला टेकून छताकडे बघत होती, जसं काही छताचा रंग तिला पहिल्यांदाच दिसत होता.

दुसरं मिनिट.

"अरे गळतंय ना ते," दादा रेडिओला म्हणाला. मग हात पुढे केला. "दे इकडे."

तिने घाई केली नाही. उठली, मास्क दिला, परत बसली. दादाने तो आधी आपल्या गुडघ्यावर टेकवला. "असा. अलगद. मग..." गुडघा काही चेहऱ्यासारखा नव्हता, मास्क घसरला. त्याने वैतागून तो उचलला आणि दाखवायला म्हणून आपल्या नाकावर धरला.

वहिनीचं बोट बटणाकडे गेलं. खुट्टताईने नुसती मान हलवली: थांब.

"बघताय काय," मास्कमधून दबका आवाज आला. "सुरू करा की. कोरडं... कसं दाखवू?"

हुऽऽश.

दादाचे दोन्ही हात वर आले. वहिनीने डोळे मिटले. खुट्टताईने मिटले नाहीत. तिला बघायचं होतं. हात मास्कपाशी आले, क्षणभर तसेच राहिले. मग बोटांनी पट्ट्या शोधल्या, दोन्ही बाजूंच्या, आणि एकदम ओढल्या.

चर्र. एकच आवाज.

रेडिओतला गळत होता, खुर्चीतला गळत नव्हता. दादाने एक बोट वर करून ते दोघींना ऐकायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला त्याचे खांदे खाली आले. चौथ्याला मेकॅनिकला आपली चूक कळली, त्याने पट्ट्या नीट केल्या, तेव्हा दादा मास्कच्या आत काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण ते 'आता सुचलं होय रे' असंच काहीतरी असणार. भाग संपेपर्यंत मास्क तोंडावर होता. अकरा मिनिटं.

काढल्यावर त्याने मास्क मांडीवर ठेवला. ओठांचा रंग बघायला वहिनी जवळ आली आणि तशीच त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"उद्या वीस," खुट्टताई म्हणाली.

"पंधरा."

"वीस."

"तू मुद्दाम केलंस ते वाकडं," दादा म्हणाला. वाक्य एका दमात झालं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"वीस म्हटलंय मी."

सोमवारी सिस्टरचा फोन आला. सकाळपासून चार जण येऊन तक्रार करून गेले होते, की मेकॅनिकला मास्क लावता येत नाही. त्यातला बसचालक तर स्वतः लावून दाखवल्याशिवाय हलेना, आणि तोही चुकीचा लावत होता. तीन यंत्रं कपाटातून गेली होती. पदार्थविज्ञानवाले अजून आले नव्हते. समोरच्या बाकावरच्या बाई आल्या होत्या, मालिका बिघडली म्हणून रागावून गेल्या.

"आठ राहिली," सिस्टर म्हणाली.

खुट्टताईने फोन ठेवला. दादाला वीस मिनिटांवरून तीन तासांवर न्यायचं होतं, आणि हातात सहा भाग होते. तिने लेखकाच्या टेबलावरून नव्या भागाची पानं उचलली, उभ्याउभ्याच वाचली, आणि पेन्सिल घेतली. यंत्राच्या तळाशी पाण्याची एक डबी असते. रोज भरावी लागते, नाहीतर हवा कोरडी येते आणि घसा खवखवतो. सिस्टरने ते दोनदा बजावून सांगितलं होतं.

या मंगळवारी मेकॅनिक पाणी भरायला विसरणार होता.